इंटर्नशिप म्हणजे काय आणि मुलाखतीत नेमके काय पाहतात?



रविवारी उपासना संपल्यावर आवारात चहा घेताना गेली दोन-तीन वर्षे एक प्रश्न मला हमखास विचारला जातो. "मुलगी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. इंटर्नशिपसाठी मुलाखत द्यायची म्हणते. म्हणजे नोकरीच ना? मग शिक्षणाचे काय?" विचारणारे कधी शिक्षक असतात, कधी दवाखान्यातल्या सिस्टर, आणि अलीकडे वसतिगृहाच्या गृहमाताही. वसतिगृहात राहून शिकलेली काही मुले आता इंजिनिअरिंग कॉलेजांत पोचली आहेत. पण त्यांच्या घरी, पाड्यावर किंवा नातेवाइकांत या वाटेने आधी कोणी गेलेले नसते. त्यामुळे पुढे काय आहे हे सांगणारेही कोणी नसते.

मी हैदराबादमधील एका मोठ्या तंत्रज्ञान कंपनीत आधी इंटर्न होते, नंतर तिथेच नोकरी केली. नोकरीच्या काळात अनेक विद्यार्थ्यांच्या मुलाखती घेण्याचे काम माझ्याकडे होते. म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून झाले आहे. त्या खोलीत काय चालते, ते मुलांच्या पालकांना आणि त्यांना आधार देणाऱ्या आपणा सर्वांना समजेल असे सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

सुताराकडे किंवा गॅरेजमध्ये पोरगा उमेदवारीला राहतो, तसाच इंटर्नशिप हा उमेदवारीचा प्रकार आहे. फरक इतकाच की इथे उमेदवाराला चांगले पैसे मिळतात. त्याला पगार म्हणत नाहीत, स्टायपेंड म्हणतात. काही मोठ्या कंपन्यांत तो महिन्याला लाखाच्या घरात जातो. मुदत साधारण आठ ते बारा आठवडे, बहुधा मे ते जुलै, म्हणजे कॉलेजच्या सुट्टीत. त्यामुळे शिक्षण सुटत नाही. आणि कंपनीच्या दृष्टीने ही दोन-अडीच महिने चाललेली मुलाखतच असते. काम आवडले तर शेवटी शिक्षण पूर्ण झाल्यावरच्या नोकरीचे पत्र आधीच देतात. मुले त्याला पीपीओ म्हणतात, म्हणजे प्री-प्लेसमेंट ऑफर. तिसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात ज्याच्या हाती हे पत्र येते, त्याचे चौथे वर्ष किती शांत जाते हे ज्यांनी घरात पाहिले आहे त्यांना सांगायला नको.

वेळापत्रकाची एक गोष्ट मात्र पालकांना बहुधा माहीत नसते. उन्हाळ्यातल्या इंटर्नशिपची निवड आदल्या वर्षीच्या जुलै-ऑगस्टमध्येच सुरू होते. म्हणजे तिसरे वर्ष सुरू होते न होते तोच परीक्षा आणि मुलाखती दारात. "दुसरे वर्ष संपू दे, मग बघू" असे म्हणणाऱ्या मुलाच्या हातात प्रत्यक्षात मे आणि जून एवढेच उरतात.

निवड कशी होते ते थोडक्यात सांगते. कंपनी कॉलेजात आली तर कॉलेजचा प्लेसमेंट विभाग नावे पाठवतो. त्यासाठी गुणांची अट असते आणि विषय राहिलेले नसावेत असेही बऱ्याच ठिकाणी असते. मग संगणकावर तास-दीड तासाची परीक्षा, दोन-तीन प्रश्न, प्रत्येकाचे उत्तर प्रोग्राम लिहून द्यायचे. त्यातून थोडे जण मुलाखतीला बोलावले जातात. मुलाखती दोन किंवा तीन, प्रत्येकी पाऊण तासाच्या. कंपनी कॉलेजात येत नसेल तर तिच्या संकेतस्थळावर अर्ज करता येतो, पण तिथे अर्जांचा ढीग असतो. त्या कंपनीतला कोणी कर्मचारी अर्जदाराचे नाव सुचवू शकतो. त्याला रेफरल म्हणतात. हा वशिला नव्हे. रेफरलने नोकरी मिळत नाही, अर्ज कोणीतरी उघडून वाचण्याची शक्यता तेवढी वाढते. आपल्या मंडळ्यांतली कितीतरी मुले-मुली आज पुणे, बंगळुरू, हैदराबादला अशा कंपन्यांत आहेत. ओळख नसलेल्या एखाद्या होतकरू विद्यार्थ्याचा बायोडाटा वाचून त्याचे नाव सुचवायला त्यांना दहा मिनिटे लागतात.

आणखी एक गोष्ट उघडपणे बोलली पाहिजे. केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्थांत अनुसूचित जमातींसाठी ७.५ टक्के जागा राखीव असतात, महाराष्ट्रातल्या प्रवेशांत ७ टक्के. त्या जागांवरून आलेली मुले कॉलेजचा अभ्यासक्रम इतरांसारखाच पार करतात. पण खासगी कंपनीच्या दारात आरक्षण नाही. तिथे पाहतात ते पाऊण तास. म्हणून तो पाऊण तास नीट समजून घेऊ.

प्रश्न कसा असतो? या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक असलेला एक जुना प्रश्न बाजाराच्या भाषेत मांडते. आठवडे बाजारात एका दुकानात हजार वस्तू आहेत आणि प्रत्येकीची किंमत लिहिलेली आहे. तुमच्याजवळ शंभर रुपये. अशा दोन वस्तू शोधा की दोन्हींची किंमत मिळून बरोबर शंभर होईल.

पहिली रीत कोणालाही सुचेल. पहिली वस्तू घ्यायची, बाकी सगळ्यांबरोबर एकेक जोडी लावून पाहायची. मग दुसरी वस्तू, मग तिसरी. उत्तर नक्की सापडेल, पण हजार वस्तूंच्या ४,९९,५०० जोड्या होतात. वस्तू एक लाख असतील तर जोड्या जवळजवळ ५०० कोटी. संगणक कितीही वेगवान असला तरी हे उधळपट्टीचे काम आहे.

दुसरी रीत अशी. हातात एक वही ठेवा. पहिली वस्तू ३७ रुपयांची. म्हणजे तिला ६३ ची जोडीदार हवी. वहीत ६३ आहे का? नाही. मग ३७ लिहून ठेवा आणि पुढे चला. पुढची ८० ची, तिला २० हवे. नाही. ८० लिहा, पुढे चला. कधीतरी ६३ ची वस्तू येईल, वहीत ३७ सापडेल आणि काम संपेल. दुकानाची एकच फेरी, हजार वस्तूंना हजार वेळा वही पाहणे. संगणकात अशी एक वही असते की तिची पाने चाळावी लागत नाहीत, हवा तो आकडा आहे की नाही हे बहुधा एका झटक्यात कळते. तिला हॅश टेबल म्हणतात. अर्थात वहीला जागा लागते. वेळ वाचवण्यासाठी आपण जागा खर्च केली. मुलाखत घेणारा पुढचा प्रश्न बहुधा हाच विचारतो की किती वेळ वाचवलास आणि त्यासाठी काय मोजलेस.

आता यातली मेख पाहा. मी मांडलेला प्रश्न अर्धवट होता, आणि तो मुद्दाम तसा असतो. एकच वस्तू दोनदा घेतली तर चालेल का? म्हणजे पन्नासची वस्तू एकच असेल तर ती स्वतःचीच जोडीदार होईल का? किमती पूर्ण रुपयांतच आहेत की पैशांतही? अशी जोडी नसलीच तर काय उत्तर द्यायचे? चांगला उमेदवार हे प्रश्न आधी विचारतो. प्रश्न विचारणे म्हणजे न येणे असे आपल्या शाळांत समजतात. इथे तेच काम समजण्याचे लक्षण मानतात, कारण खऱ्या कामातही कोणी पूर्ण प्रश्न हातात देत नाही.

आता मुख्य मुद्दा. मुलाखत संपल्यावर घेणारा माणूस लगेच "पास" किंवा "नापास" सांगत नाही. तो बसून टिपण लिहितो. उमेदवाराने काय विचारले, कोणती रीत आधी सुचली, ती का सोडली, चूक लक्षात आली तेव्हा काय केले, मी सूचना दिली तेव्हा तिचा उपयोग केला का. गूगलची पद्धत तर प्रसिद्धच आहे. तिथे निर्णय मुलाखत घेणाऱ्याने एकट्याने करायचा नाही, ती टिपणे वाचून एका समितीने करायचा, आणि त्या समितीतल्यांनी उमेदवाराला पाहिलेलेही नसते. अ‍ॅमेझॉनमध्ये मुलाखत घेणाऱ्यांत एक जण दुसऱ्याच विभागातला असतो, त्याला बार रेझर म्हणतात. निवडीची पातळी घसरू नये हे पाहणे त्याचे काम. घाईघाईने किंवा आवडीनिवडीने माणसे घेतली जाऊ नयेत म्हणून या पद्धती आल्या आणि माझ्या मते त्या बऱ्याच अंशी न्याय्य आहेत. पण त्यांचा एक परिणाम होतो. जे उमेदवार बोलला नाही ते टिपणात येत नाही. आणि जे टिपणात नाही ते घडलेच नाही असे धरले जाते.

दोन उमेदवार आठवतात. त्यांची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. पहिली मुलगी मोठ्या शहरातली. प्रश्न ऐकताच तिने चुकीची रीत धरली, पण बोलत होती. "मी आधी किमती चढत्या क्रमाने लावते... थांबा, याने वेळ वाढेल का? हो, थोडा वाढेल. दुसरे काही बघू." बोलता बोलता ती योग्य वाटेला लागली. वेळ संपली तेव्हा तिचा प्रोग्राम पुरा झालेला नव्हता. तरी माझ्या टिपणाला दीड पान भरले.

दुसरा मुलगा सातपुड्याच्या बाजूचा, वसतिगृहात शिकलेला. प्रश्न ऐकला, मान हलवली आणि गप्प झाला. वीस मिनिटे गप्प. मी दोनदा विचारले, "काय विचार चालू आहे?" दोन्ही वेळा म्हणाला, "करतोय, मॅडम." मग एका दमात संपूर्ण, अचूक प्रोग्राम लिहिला. तीच रीत का निवडली असे विचारल्यावर त्याने एक ओळ सांगितली आणि खाली पाहिले. मी टिपणात खरे तेच लिहिले: उत्तर बरोबर, वाट दिसली नाही. दुसऱ्या मुलाखतीतही तसेच झाले. निवडीच्या बैठकीत एकाने शंका काढली की प्रश्न आधीच पाठ असावा. त्या वीस मिनिटांत त्या मुलाच्या कपाळावरच्या आठ्या मी पाहिल्या होत्या. पाठ केलेल्याला एवढे झगडावे लागत नाही, हे मी बोलले. पण बाकीच्यांसमोर कागद होता आणि कागदावर ती वीस मिनिटे कोरी होती. मुलगी निवडली गेली. मुलगा नाही.

तो गप्प का बसला याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मोठ्यांसमोर अर्धवट बोलू नये, उत्तर तयार झाल्यावरच तोंड उघडावे, ही त्याच्या घरची रीत. शाळेत चुकीच्या उत्तराला हशा मिळतो, हा तिथला धडा. प्रमाण मराठी ही त्याची दुसरी भाषा, इंग्रजी तिसरी. अशा मुलाने गप्प बसून विचार करणे यात वावगे काही नाही, उलट ती अदबच आहे. फक्त त्या खोलीतली रीत वेगळी होती आणि ती त्याला कोणी सांगितलेली नव्हती. शहरातल्या मुलीला ती घरीच मिळाली होती. तिचे वडील जेवताना "तुला असे का वाटते?" विचारत असणार.

ही रीत शिकवता येते आणि तिला फार काळही लागत नाही. मी काही मुलांबरोबर दीड-दोन महिने सराव केला आहे. त्यातून एक गोष्ट मला पक्की कळली: सुरुवात इंग्रजीत करायची नाही. मुलाला आधी त्याच्या घरच्या बोलीत, पावरी असो, भिली, कोकणा की वारली, मोठ्याने विचार करू द्यायचा. मग मराठीत, मग मोडक्या इंग्रजीत. दोन ओझी एकदम उचलायला लावली की मूल दोन्ही टाकून देते. इंग्रजीच्या व्याकरणाला तिथे गुण नसतात. मुलाखत घेणाऱ्याला विचाराची साखळी कळली की पुरते. "मला एक मिनिट विचार करू द्या", "प्रश्न पुन्हा सांगाल का?", "मी दोन रीतींचा विचार करतोय" अशी चार-पाच इंग्रजी वाक्ये तोंडात बसली की बाकीचे जमते.

सराव घेणाऱ्याला संगणक यायलाच हवा असे नाही, हे वाचून काहींना आश्चर्य वाटेल. गृहमातेने मुलाला साधा प्रश्न द्यावा. एका टाकीतून तीन पाड्यांना पाणी सोडायचे आहे, पाणी कमी आहे, वाटप कसे ठरवशील? मग समोर बसून दोनच गोष्टी विचारत राहायच्या: "आता मनात काय चालले आहे?" आणि "हे का सोडलेस?" उत्तर चूक की बरोबर यावर बोलायचे नाही आणि हसायचे तर मुळीच नाही. पहिल्या दिवशी मूल तीन वाक्ये बोलेल. दहाव्या दिवशी त्याला थांबवावे लागेल. प्रोग्रामचा सराव ते कॉलेजात आणि मित्रांबरोबर करतच असते, हा सराव मात्र त्याला कुठे मिळत नाही.

पूर्वी या कंपन्या कोडी घालायच्या. रस्त्यावरच्या गटाराचे झाकण गोल का असते, बसमध्ये गोल्फचे किती चेंडू मावतील, असली. २०१३ मध्ये गूगलचे तेव्हाचे मनुष्यबळ प्रमुख लाझ्लो बॉक यांनी जाहीरपणे सांगितले की या कोड्यांतून माणसाच्या कामाचा काहीच अंदाज येत नाही. तरी अजून काही क्लासवाले कोड्यांची पुस्तके विकतात. त्यावर पैसे घालू नयेत.

मुलाखतीचा दुसरा भाग स्वभावाचा आणि अनुभवाचा. "एखादे काम अडले तेव्हा तू काय केलेस? एखाद्याशी मतभेद झाला तो कसा सोडवलास?" अ‍ॅमेझॉनची नेतृत्वाची तत्त्वे लिहिलेली आहेत, आता ती सोळा आहेत, आणि तिथले बरेच प्रश्न त्यांच्या आधारे विचारतात. आपली मुले इथे म्हणतात, "माझ्याकडे सांगण्यासारखे काही नाही." हे ऐकले की मला हसावे की रडावे कळत नाही. ज्याने तेराव्या वर्षी वसतिगृहातल्या धाकट्या मुलांच्या आंघोळी आणि अभ्यास सांभाळला, मेसचा हिशेब लिहिला, पावसाळ्यात रस्ता वाहून गेल्यावर दहा जणांना पायी परीक्षेला नेले, त्याच्याकडे सांगण्यासारखे काही नाही? शहरातली मुले कॉलेजच्या महोत्सवात स्टॉल लावला तर तेवढ्यावर पाच मिनिटे बोलतात.

अनुभव सांगण्याची एक सोपी चौकट आहे: परिस्थिती काय होती, माझ्यावर काय जबाबदारी होती, मी काय केले, त्याचे पुढे काय झाले. यात आपल्या मुलांना नडते ते "मी" म्हणणे. पाड्यावरचे मूल "आम्ही" म्हणते. "आम्ही बांध घातला", "आम्ही ठरवले". ते खरेही असते. पण मुलाखत घेणारा विचारतो, "त्यात तुझे काय?" आणि मुलाला वाटते की आता सोबत्यांचे श्रेय चोरावे लागणार. मी मुलांना सांगते की "आम्ही"ने सुरुवात करा, ती चांगली सवय आहे, सोडू नका. फक्त पुढे एक वाक्य जोडा: "त्यात माझ्याकडे हिशेबाचे काम होते." खरे ते सांगितले, कोणाचे काही चोरले नाही.

निवड झाल्यावर काय? पहिला आठवडा ओळखपत्र, लॅपटॉप आणि संगणकावरच्या नाना परवानग्या मिळवण्यात जातो. प्रत्येक इंटर्नला एक मार्गदर्शक असतो आणि एक काम दिलेले असते. दोन-तीन महिन्यांत संपेल असे, पण खरे. मध्यावर एकदा आणि शेवटी एकदा कामाचे मूल्यमापन होते. शेवटी सगळ्यांसमोर काम दाखवायचे असते.

तिथल्या दोन गोष्टी नव्या मुलाला जड जातात. एक, सगळ्यांना नावाने हाक मारायची. वयाने वडिलांएवढ्या साहेबांनाही "सर" म्हणायचे नाही. काही मुले यावर तोडगा म्हणून हाकच मारत नाहीत, आणि मग विचारायचे राहूनच जाते. दुसरी, लिहिलेला प्रोग्राम कंपनीच्या मुख्य साठ्यात जाण्याआधी दुसरा कोणीतरी ओळ न् ओळ तपासतो आणि शेजारी शेरे लिहितो. पहिल्याच दिवशी तीस शेरे आले की मुलाला वाटते, संपले, आता घरी पाठवणार. प्रत्यक्षात वीस वर्षे काम केलेल्या माणसाच्या प्रोग्रामलाही असेच शेरे येतात. ती बोलणी नव्हेत. पीठ चाळून घेतात तसा तो रोजचा व्यवहार आहे. कुठे अडले तर अर्धा तास स्वतः झटावे आणि मग मार्गदर्शकाला विचारावे. तीन दिवस एकटे झुरत बसणाऱ्या इंटर्नचे मूल्यमापन वाईट होते, आणि त्याचे कारणही तेच, न बोलणे.

पीपीओ प्रत्येकाला मिळतोच असे नाही. कधी कारण मुलाच्या हाताबाहेरचे असते. जानेवारी २०२३ मध्ये गूगलने जगभरात सुमारे १२,००० आणि मायक्रोसॉफ्टने १०,००० नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले. अशा वर्षी उत्तम काम करणाऱ्यालाही पत्र मिळेलच असे नसते. मुलाखतीचेही तसेच. त्याच उमेदवाराला दुसऱ्या आठवड्यात दुसऱ्या माणसाने तपासले तर निकाल वेगळा लागू शकतो, हे मी आतून पाहिले आहे. बऱ्याच कंपन्यांत काही महिन्यांनी पुन्हा अर्ज करता येतो. घरच्यांनी गावभर पेढे वाटण्याची घाई करू नये आणि नकार आला तर आठवडाभर मुलाला प्रश्न विचारू नयेत.

फसवणुकीबद्दलही सांगायला हवे, कारण या वाटेवर नवीन असलेली कुटुंबेच जास्त फसतात. व्हॉट्सअ‍ॅपवर पत्र येते, मोठ्या कंपनीचे चिन्ह असते, "नोंदणी शुल्क" किंवा "लॅपटॉपची अनामत" म्हणून काही हजार रुपये मागतात. खरी कंपनी इंटर्नकडून एक रुपयाही घेत नाही. मुलाखत न घेता दिलेले पत्र खरे नसते. पत्र कंपनीच्या स्वतःच्या ईमेल पत्त्यावरून आले आहे का ते पाहावे आणि कॉलेजच्या प्लेसमेंट विभागाला दाखवावे. पैसे गेलेच असतील तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. सायबर फसवणुकीसाठीची ती सरकारी मदतवाहिनी आहे.

आता मदत करू इच्छिणाऱ्यांसाठी. ऑनलाइन मुलाखतीला शांत खोली, न जाणारी वीज आणि न तुटणारे इंटरनेट लागते. दहा जणांच्या खोलीत राहणाऱ्या मुलाकडे यातले एकही नसते. मंडळीचे कार्यालय आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी बहुधा रिकामेच असते. तिथे टेबल, इन्व्हर्टर आणि बाहेरून कडी लावून बसणारा कोणीतरी वडीलधारा एवढे मिळाले तर पाऊण तास निर्धास्त जातो. मध्येच वीज गेली तर मुलाने घाबरून गप्प बसू नये, फोनवरून लगेच कळवून वेळ बदलून मागावी. माझ्याकडे मुलाखतीला असलेल्या कोणाचीही केवळ त्या कारणाने संधी गेलेली मी पाहिलेली नाही. कळवले नाही तर मात्र गैरहजेरी लागते.

जुना लॅपटॉप देणार असाल तर चालू बॅटरी आणि निदान आठ जीबी मेमरी आहे ना ते पाहून द्या. मोबाइलवर प्रोग्राम लिहिण्याचा सराव होत नाही.

आणि एक खर्च सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. निवड झालेल्या मुलाला मे महिन्यात हैदराबाद किंवा बंगळुरूला जायचे असते. काही कंपन्या प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च देतात, काही देत नाहीत, आणि देतात त्याही पुष्कळदा नंतर. पहिला स्टायपेंड हाती पडतो महिना संपल्यावर. तोवर रेल्वेचे तिकीट, पीजीची अनामत आणि एका महिन्याचे भाडे, ऑफिसला घालण्याजोगे दोन-तीन कपडे, बाहेरचे जेवण, हे सगळे पदरचे. पॅन कार्ड आणि स्वतःच्या नावाचे बँक खातेही आधीच हवे, नाहीतर स्टायपेंड अडकतो. लाखाचे पत्र हातात असलेला मुलगा पंचवीस-तीस हजारांसाठी सावकाराकडे गेल्याचे मला माहीत आहे. या दीड महिन्यासाठी हातउसने देणारा कोणी असेल तर ते पैसे जून संपता संपता परत येतात. मी ज्यांना दिले त्या प्रत्येकाने न मागता परत केले. एकाने तर सोबत मोहाच्या फुलांचे लाडू पाठवले होते.